बारा सॅकवाला की पाच सॅकवाला? कॉलेजचा डी-लाइनमन ड्राफ्टसाठी कसा बघतात

प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम ड्राफ्टमध्ये राउंड-राउंडने कॉलेजची पोरं निवडतात त्याचा. थोडक्यात असा की एकीकडे 24 वर्षांचा एज रशर (डिफेन्सच्या लाइनच्या कडेवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर, धावून जाणारा), शेवटच्या सीझनला 12 सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडणं), दुसरीकडे 21 वर्षांचा पोरगा, सॅक फक्त 5 पण हात लांब आणि कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, सुसाट पळालेला, तर पहिल्या राउंडमध्ये टीमने कोणाला घ्यावं. आणि वर हेही विचारलंय की आता एवढे आकडे हाताशी असताना स्काउट लोक टेप टेप काय करत बसतात. मी आधी कॉलेजच्या स्टाफमध्ये डी-लाइनचा, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या फळीचा, व्हिडिओ कापायचं काम केलंय आणि आता कित्येक वर्षं ड्राफ्टच्या आधी याच पोझिशनचे रिपोर्ट लिहितो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे सॅकचा आकडा जरा बाजूला ठेवा. त्याचा उपयोग आहे पण शेवटी. सॅक हा निकाल असतो आणि मला बघायचं असतं की तो निकाल लागला कसा. एखाद्याच्या 12 सॅक उघडून बघितल्या की त्यातल्या दोनमध्ये त्याला कोणी ब्लॉकच केलेलं नसतं, रनिंग बॅक चुकीच्या बाजूला गेलेला असतो, दोनमध्ये मागच्या कॉर्नरबॅक लोकांनी सगळ्या रिसीव्हरना असं झाकून ठेवलेलं असतं की क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद बॉल घेऊन उभाच आहे, एक-दोन वेळा दुसऱ्याच कोणीतरी क्वार्टरबॅकला पळवून याच्या मिठीत आणून दिलेलं असतं आणि दोन-तीन तर अशा टीमविरुद्ध जिथला टॅकल (ऑफेन्सच्या लाइनमधला, रशरला अडवणारा कडेचा माणूस) पुढे फुटबॉलच खेळणार नाहीये. मग उरतात चार किंवा पाच, ज्यात त्याने समोरच्या चांगल्या टॅकलला अडीच-पावणेतीन सेकंदांच्या आत स्वतः हरवलं. मी त्या चार-पाच बघतो, आणि त्यांच्यासोबत ती सगळी रश जिथे तो जिंकला पण बॉल आधीच गेला होता. कॉलेजमध्ये हल्ली आरपीओ (रन की पास हे प्ले सुरू झाल्यावर ठरवणं) आणि स्क्रीन (झटकन दिलेले छोटे पास) एवढे असतात की बिचारा डी-लाइनमन टॅकलला मागे टाकून पोचतो तोवर बॉल रिसीव्हरच्या हातात. त्या स्नॅपचा (बॉल मागे देऊन प्ले सुरू होतो तो स्नॅप) कुठल्याही रकान्यात सॅक म्हणून उल्लेख नसतो, पण माझ्या वहीत तो जिंकलेला स्नॅप असतो.

मग त्याच्या पुढचा आणि खरा प्रश्न, की ज्या पद्धतीने तो शनिवारी, कॉलेजमध्ये, जिंकतोय ती पद्धत रविवारी, एनएफएलमध्ये, चालेल का. समजा एखादा 24 वर्षांचा, 270 पौंडांचा दणकट गडी 19 वर्षांच्या टॅकलला निव्वळ ताकदीने मागे ढकलत नेतोय. दिसायला फार भारी दिसतं. पण एनएफएलमध्ये समोर 315 पौंडांचा 28 वर्षांचा माणूस असणार, त्याने असे शंभर बुल रश पचवलेले असतात, तो कंबर खाली टाकतो, बसतो आणि संपला विषय. आता त्या गड्याकडे दुसरं काय आहे? याचं उत्तर टेपवर सापडलं नाही तर 12 सॅक मला फार पुढे नेत नाहीत. कोव्हिडच्या वर्षी मिळालेला जादा सीझन आणि नंतर ट्रान्सफर, एनआयएलचे (कॉलेज खेळाडूंना नाव-प्रतिमेच्या वापराबद्दल मिळणारे) पैसे यामुळे गेली काही वर्षं ड्राफ्टला 23-24 वर्षांची पोरं बरीच आली, म्हणून वय हे रिपोर्टमध्ये मी वरच्या ओळीतच लिहितो.

आता टेप कशी बघायची. टीव्हीवरचं प्रक्षेपण डी-लाइनसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे कारण कॅमेरा बॉलच्या मागे जातो. कोच लोकांची ऑल-22 फिल्म असते, बावीसही खेळाडू दिसणारी, त्यातही गोलपोस्टच्या मागून घेतलेला एंड झोनचा अँगल, तो डी-लाइनचा खरा अँगल, हात कुठे पडले, खांदा किती उंचीवर आहे, पाय कुठे आहेत सगळं त्यातच दिसतं. मी प्रत्येक प्ले स्नॅपच्या क्षणी थांबवतो आणि पुढे एकेक फ्रेम सरकवतो. बॉल हलला तेव्हा कोण हललं? चार जणांमध्ये हाच आधी सुटतो का? याला गेट-ऑफ म्हणतात आणि माझ्या मते डी-लाइनमनमध्ये सगळ्यात कमी शिकवता येणारी गोष्ट हीच. एक खाच आहे, कॉलेजमध्ये बरेच क्वार्टरबॅक टाळी वाजवून स्नॅप मागतात आणि हुशार पोरं त्या टाळीवर अंदाजाने सुटतात, त्यामुळे एका मॅचमध्ये गेट-ऑफ विजेसारखा आणि दुसरीत मातीसारखा असं दिसलं तर समजायचं की तो बॉल बघून नाही, टाळी ऐकून सुटतोय. आणि चौथ्या क्वार्टरचे स्नॅप वेगळे काढून बघा, दमल्यावर गेट-ऑफ अर्धा होणारे खूप असतात.

दुसरी गोष्ट उंची, म्हणजे खेळतानाची उंची. पॅड लेव्हल. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात जो खालून घुसतो त्याचा हात वर असतो, इथे अगदी तेच आहे, ज्याचे पॅड खाली तो ढकलतो आणि ज्याचे वर तो ढकलला जातो. म्हणून सहा फूट सहा इंचांचा टॉवर बघून मला लगेच आनंद होत नाही, त्याचा घोटा आणि गुडघा वाकतो का ते आधी बघतो.

इथे अ‍ॅरन डॉनल्डचं उदाहरण द्यायलाच लागतं. पिट्सबर्गचा पोरगा, 2013 च्या सीझनला 28.5 टॅकल फॉर लॉस (बॉलवाल्याला सुरुवातीच्या रेषेच्या मागेच पाडणं), 11 सॅक, कॉलेजच्या डिफेन्सचे सगळे मोठे अवॉर्ड घरी, सिनियर बोलच्या (कॉलेज खेळाडूंची ड्राफ्टआधीची प्रदर्शनी मॅच) सरावात कोणाला थांबवता येईना, कंबाइनला 285 पौंडांवर, म्हणजे जवळपास 130 किलोवर, चाळीस यार्ड 4.68 सेकंदांत. आणि तरी 2014 च्या ड्राफ्टमध्ये 13 वा गेला, कारण उंची सहा फूट एकच्या आसपास आणि हात पावणेतेहतीस इंचांच्याही आत, डिफेन्सिव टॅकल (डिफेन्सच्या लाइनचा आतला माणूस) म्हणून लहान दिसतो. पुढे तीन वेळा डिफेन्सिव प्लेयर ऑफ द इयर आणि 111 सॅक. बऱ्याच जणांनी यातून धडा काढला की साइझला महत्त्व नाही, तो मला पटत नाही. डॉनल्डच्या साइझचे ढीगभर डिफेन्सिव टॅकल येतात आणि गायब होतात. डॉनल्डकडे त्या साइझची भरपाई करणाऱ्या गोष्टी होत्या, पहिलं पाऊल, हात आणि गार्डच्या (टॅकलच्या आतल्या बाजूच्या ब्लॉकरच्या) खाली जाऊन पलटी मारायची ताकद, आणि त्या प्रत्येक मॅचमध्ये टेपवर होत्या. लहान माणूस घ्यायचा असेल तर तो असा हवा.

हातांबद्दल जास्त बोलतो कारण नवीन बघणाऱ्याचं लक्ष पायांकडेच जातं. टॅकल किंवा गार्डला छातीवर दोन हात ठेवायचे असतात, एकदा ते ठेवले गेले की रश संपल्यात जमा. म्हणून रशरचे हात आधी पडले पाहिजेत किंवा समोरच्याचे उडवता आले पाहिजेत. चॉप, क्लब, स्विम, रिप, एका हाताने छातीवर टेकून ठेवायचा लाँग आर्म, ही सगळी हत्यारं. पण किती मूव्ह येतात यापेक्षा दोन गोष्टी मोजतो. एक, हात आणि पाय एका वेळेला चालतात का, की आधी धावला, मग थांबला, मग हात मारला. दोन, पहिली मूव्ह अडली की पुढे काय. टॅकलने बाहेरची बाजू बंद केली तर आत वळतो का, की तिथेच छातीला छाती लावून शिट्टी वाजेपर्यंत ढकलत बसतो. या दुसऱ्या प्रकारातली पोरं कॉलेजमध्ये सॅक करतात, पुढे ड्राफ्ट होतात आणि दोन वर्षांनी लोक विचारतात याचं काय झालं.

व्हर्नन गोल्स्टन हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. ओहायो स्टेटला 2007 मध्ये 14 सॅक, शरीर पुतळ्यासारखं, कंबाइनला बेंच प्रेस 37 वेळा. 2008 ला जेट्सने 6 व्या नंबरवर घेतला. तीन सीझनमध्ये सॅक शून्य. शून्य म्हणजे शून्य. त्यात जेट्सने त्याला 3-4 मध्ये (पुढे तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) उभं राहून खेळणारा आउटसाइड लाइनबॅकर केलं हाही भाग होता, सगळं खापर त्याच्यावर फोडू नये. पण आकडे आणि शरीर दोन्ही असलं तरी काय राहू शकतं ते यातून कळतं. तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, बेंच प्रेसकडे मी ढुंकूनही बघत नाही. उताणं झोपून 225 पौंड उचलायची वेळ मैदानावर कोणावरच येत नाही.

मग कंबाइनचं काय बघायचं? इंडियानापोलिसला दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी हा बाजार भरतो आणि टीव्हीवाले चाळीस यार्डांचा आकडा घेऊन नाचतात. डी-लाइनमन चाळीस यार्ड सरळ कधी पळतो? इंटरसेप्शन झालं, म्हणजे पास डिफेन्सनेच पकडला, तर. मला त्यातले पहिले दहा यार्ड हवे असतात, एजसाठी 1.6 च्या आत आला की मी सावरून बसतो. मग थ्री-कोन, म्हणजे तीन कोनांभोवती वळत पळायची चाचणी, कारण त्यात कोपऱ्यावरून झुकून वळणं दिसतं आणि एज रशरचं पोट त्यावरच भरतं. मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनसारख्या छोट्या प्रोग्रॅममधून आला, थ्री-कोन 6.89, 2019 ला चौथ्या राउंडमध्ये 106 वा, आणि रूकी, म्हणजे पहिल्याच, सीझनला 10 सॅक. वजनदार लोकांचं गणित वेगळं, तिथे वजनाच्या मानाने वेग बघायचा. जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस 341 पौंडांवर चाळीस यार्ड 4.78 मध्ये पळाला तेव्हा माझ्यासोबत बघणारे सगळे एकदम गप्प झाले होते. पण त्याच डेव्हिसबद्दल रिपोर्टमध्ये हेही लिहावं लागत होतं की जॉर्जियात तो फिरवून फिरवून खेळवला जायचा, थर्ड डाउनला (चारपैकी तिसरा प्रयत्न, बहुतेकदा पासचा) बऱ्याचदा बाहेर, म्हणजे मैदानावर किती राहील हा प्रश्न होताच. 2022 ला ईगल्सने 13 वा घेतला.

हाताच्या लांबीवरून इथे फार भांडणं होतात. टॅकलचे हात साधारण 34 इंचांचे, त्यामुळे 33 च्या खालचा एज दिसला की काही टीम त्याचं नावच बोर्डवर खाली सरकवतात. 2022 चा ड्राफ्ट हा त्याचा जिवंत प्रयोग होता. मिशिगनचा एडन हचिन्सन, शेवटच्या सीझनला 14 सॅक, हाइझमनमध्ये (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा अवॉर्ड) दुसरा, थ्री-कोन 6.73, पण हात सव्वाबत्तीस इंचांच्याही आत. समोर जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर, अख्ख्या कॉलेज करिअरमध्ये मिळून 9.5 सॅक, पण 272 पौंडांवर 4.51 आणि हात साडेपस्तीस. जॅक्सनव्हिलने पहिला पिक वॉकरवर लावला, दुसऱ्यावर डेट्रॉइटने हचिन्सन घेतला. आज मागे वळून बघितलं तर 2023 ला हचिन्सनच्या 11.5 सॅक आणि वॉकरच्या 10, म्हणजे दोघंही बरे निघाले, फक्त हचिन्सन दर आठवड्याला टॅकलला जास्त वेळा हरवतो असं माझं मत. त्याची कॉलेजची टेप बघताना मी दोन मॅच समोरासमोर ठेवायचो. ओहायो स्टेटविरुद्ध तीन सॅक, टॅकल अक्षरशः हैराण. आणि महिनाभराने ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाविरुद्ध जवळपास गायब. फॅन लोक यातली आपल्याला सोयीची मॅच उचलतात. मी ती जॉर्जियाची मॅच जास्त वेळा बघितली, कारण हरतानासुद्धा तो दर स्नॅपला काहीतरी वेगळं करून बघत होता, आतून, बाहेरून, हात बदलून, आणि ते मला त्या तीन सॅकपेक्षा जास्त सांगून गेलं.

वॉकरच्या बाबतीत अजून एक मुद्दा, आणि हा तुमच्या 5 सॅकवाल्या पोरासाठी महत्त्वाचा. जॉर्जियाच्या त्या डिफेन्समधून 2022 ला पहिल्या राउंडमध्ये पाच जण गेले, अशा टीममध्ये एका माणसाच्या वाट्याला किती येणार, आणि वॉकरला बऱ्याचदा आत सरकून गार्डला भिडायचं काम होतं. म्हणून सॅक कमी दिसल्या की आधी बघा त्याला काम काय दिलं होतं. कॉलेजमध्ये सध्या बरेच जण तीन डाउन लाइनमनचा टाइट फ्रंट खेळतात, त्यात दोन्ही बाजूचे लोक टॅकलच्या आतल्या खांद्यावर उभे राहतात आणि ब्लॉक खातात, म्हणजे लाइनबॅकर मोकळे राहावेत म्हणून दोन-दोन माणसं अंगावर घेतात. तिथे सॅक येणार कुठून. काही कोच एजला सांगतात की क्वार्टरबॅक पळून गेला तर बघ, आधी त्याला कोंडून ठेव, मग तो पोरगा दर स्नॅपला टॅकलसमोर येऊन थबकतो आणि बघणाऱ्याला वाटतं आळशी आहे. उलट बाजूही आहे, कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कमधलं (ज्या दोन खुणांच्या दरम्यान प्ले सुरू होतो त्यांच्यामधलं) अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा, त्यामुळे कॉलेजमध्ये रुंद बाजूला रश करणाऱ्याला जी मोकळी जागा मिळते ती पुढे मिळत नाही.

डॅनिएल हंटर एलएसयूला (लुइझियाना स्टेट) शेवटच्या सीझनला फक्त 1.5 सॅक करून आला होता. वय 20, सहा फूट पाच, 252 पौंड, चाळीस यार्ड 4.57. व्हायकिंग्जने 2015 ला तिसऱ्या राउंडमध्ये 88 वा घेतला, शिकवला, आणि 2018 आणि 2019 दोन्ही सीझनला त्याच्या साडेचौदा सॅक. लोक हे उदाहरण देताना तिसरा राउंड हा शब्द विसरतात. त्याच पोराला पाचव्या पिकवर घेतला असता आणि पहिल्या वर्षी 6 सॅक आल्या असत्या तर शहरात बोंबाबोंब झाली असती. आकड्यांचीही बाजू घेतो, नाहीतर म्हणाल हा टेपवेडा आहे. टेरेल सग्जने अ‍ॅरिझोना स्टेटला 2002 मध्ये 24 सॅक केल्या, रेकॉर्ड, मग चाळीस यार्ड 4.8 च्या पुढे पळाला आणि 2003 ला दहाव्या नंबरपर्यंत खाली आला. करिअरला 139 सॅक. चोवीस सॅकमधून भाग्याच्या कितीही वजा केल्या तरी उरतातच की.

रन डिफेन्सवर थोडक्यात. डबल टीम आली, म्हणजे दोन ब्लॉकर अंगावर आले, की तो काय करतो एवढंच बघा, गुडघा टाकून जागा धरतो, मधून खांदा घालून फोडतो, की तीन यार्ड मागे जाऊन लाइनबॅकरच्या मांडीवर बसतो. नोज टॅकलच्या (डिफेन्सच्या लाइनच्या अगदी मधल्या माणसाच्या) बाबतीत हीच टेप म्हणजे सगळा रिपोर्ट.

पोझिशन मात्र आधीच ठरवा, हा पोरगा रविवारी उभा कुठे राहणार. सॉलोमन थॉमस स्टॅनफर्डला 273 पौंडांवर आतून खेळून गार्ड लोकांना पळवायचा, 2017 ला तिसरा पिक, नाइनर्सने एजला लावला, चार वर्षांत 6 सॅक. आत राहायला हलका, बाहेर जायला तेवढा वाकत नाही. असे मधले लोक मला सगळ्यात जास्त घाबरवतात, त्यांच्या रिपोर्टवर मी कधीच लवकर सही करत नाही.

सिनियर बोलच्या वन-ऑन-वनच्या क्लिप व्हायरल होतात त्यावर फार जाऊ नका. मोबाइल, अलाबामात हे सराव होतात आणि त्या ड्रिलमध्ये रशरला सगळं सोपं असतं, रनची भीती नाही, गार्डची मदत नाही, जागा भरपूर. तिथे जिंकणं अपेक्षितच आहे. मी पहिल्या दिवशी हरलेला माणूस तिसऱ्या दिवशी त्याच टॅकलसमोर काय वेगळं घेऊन येतो ते बघतो.

आणि मोटर, म्हणजे शिट्टीपर्यंत पळत राहणं, यावर फॅन फार भाळतात. चांगलीच गोष्ट आहे, पण 65 स्नॅप खेळलेला 300 पौंडांचा माणूस विरुद्ध बाजूच्या स्क्रीनमागे पळाला नाही म्हणून मी मार्क कापत नाही. कापतो ते त्याच्याच बाजूला आलेल्या बॉलवर तो चालला तर. मेडिकलचं तुम्हा-आम्हाला बाहेरून काही कळत नाही, आणि ड्राफ्टच्या रात्री एखादा कारण न सांगता चाळीस जागा घसरला तर बऱ्याचदा गुडघा किंवा खांद्याचा रिपोर्ट असतो, टीमने टेप बघितली नाही असं नसतं.

आता तुमची जोडी. पिक पहिल्या दहात असेल तर दोघांपैकी कोणालाच घ्यायची घाई करू नका, तिथे तुम्हाला शरीर आणि टेप दोन्ही एकाच माणसात मिळायला हवं, 2017 ला पहिला पिक झालेल्या माइल्स गॅरेटमध्ये होतं तसं. पिक विशीच्या पुढे असेल, टीम आत्ता जिंकायच्या बेतात असेल आणि 24 वर्षांच्याच्या 12 पैकी निम्म्या सॅक हाताच्या कामाने आणि दुसऱ्या मूव्हने आलेल्या असतील तर तो घ्या, पहिल्याच वर्षी थर्ड डाउनला उतरवता येईल. त्या सगळ्या बुल रशच्या असतील तर सोडा. 21 वर्षांचा घ्यायचा असेल तर आधी त्याचे सगळे थर्ड डाउन सलग लावून बघा, कारण फर्स्ट डाउनला त्याला कोंडायचं काम असेल पण थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न, अजून बरेच यार्ड हवे असताना) बहुतेक कोच मोकळं सोडतातच. तिथे गेट-ऑफ आणि वळण दिसलं, हात कच्चे असले तरी चालतील, आणि तुमचा डी-लाइन कोच शिकवणारा असेल, तर मी हाच घेईन आणि पहिल्या वर्षी 4-5 सॅकच धरून चालेन. तिथेही तो टॅकलसमोर थबकतच असेल तर मात्र तिसऱ्या राउंडपर्यंत थांबा, आणि त्याच्या आधी कोणी उचलला तर उचलू द्या.